पोर शांत ठेवण्याचा इतिहास

जुलैतला मंगळवार. बायको ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस बंगळुरूला गेलेली. सकाळी ७ वाजता पाळणाघराच्या ग्रुपवर मेसेज पडला, तळमजल्यात पाणी शिरलंय, आज बंद. घरात साडेतीन वर्षांची मुलगी, दहा महिन्यांचा मुलगा आणि मी. वय २९, शिक्षण बी. ई. कॉम्प्युटर. एका पेमेंट सिस्टीमचा बॅकएंड सांभाळतो. म्हणजे कुणाचे पैसे कुठे अडकले तर पहिला फोन मला येतो.

साडेनऊपर्यंत सगळं ठीक होतं. मग मुलीने रव्याचा डबा सोफ्यावर उपडा केला. ती पुसेपर्यंत मुलाने त्यातला मूठभर तोंडात घातला. त्याला दात येत होते, त्यामुळे तो खाली ठेवला की रडायचा आणि उचलला की केस ओढायचा. साडेदहाच्या मीटिंगला मी त्याला कडेवर घेऊन, कॅमेरा बंद ठेवून बसलो. माझी पाळी आली तेव्हा मुलगी बाथरूममधून जिवाच्या आकांताने ओरडली, "बाबा, झालीऽऽऽ!" मी म्यूट नव्हतो.

पावणेबाराला मेसेज आला की काही ग्राहकांना रिफंड दोनदा जातोय. हे थांबवायला एक तास शांतता हवी होती. मी जे केलं ते तुमच्यापैकी ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना सांगायला नको. टॅब्लेट उशीला टेकवून उभा केला, कार्टून लावलं, दोघांना समोर बसवलं. दहा सेकंदांत घर गप्प झालं.

तासाभराने बग सापडला. पण मी उठलो नाही. दोन मेल लिहिले, चहा केला, तो बसून प्यायलो. एकूण दोन तास दहा मिनिटं झाली. जाऊन पाहिलं तर मुलाचा डायपर वाहून चटई ओली झाली होती. जेवणाची वेळ टळून गेली होती. एरवी पाच मिनिटं उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारा हा प्राणी ओल्या चटईवर तोंड उघडं ठेवून बसला होता. रडला नव्हता. त्याची मला भीती वाटली.

संध्याकाळी आजीचा व्हिडिओ कॉल आला. आजी ८४ वर्षांची, साताऱ्याकडे गावी असते. जन्म मात्र लालबागच्या चाळीतला. तिचे वडील गिरणीत साच्यावर आणि आई त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. मी दिवसभराची रडकथा सांगितली. टॅब्लेटचंही सांगितलं, आणि वर म्हणालो, "तुमच्या वेळी बरं होतं आजी, ही असली व्यसनं नव्हती."

आजी म्हणाली, "न्हवती कशी? आमच्या वेळंला बाळागोळी व्हती की."

मला वाटलं बाळगुटी. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग सहाणेवर उगाळून देतात ती. आजी म्हणाली, "गुटी न्हवं रं. गोळी. अफूची."

### गोळी

पुढचे तीन आठवडे रात्री मुलं झोपल्यावर मी हेच वाचत होतो. सवय कोडची. लक्षण दिसलं की मूळ कारणापर्यंत मागे मागे जायचं.

गोष्ट खरी होती आणि गुपितही नव्हती. अफूत इतर जिन्नस मिसळून केलेली लहान गोळी मुंबईत 'बाळागोळी' या नावाने मिळायची. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांमध्ये साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. बहुतेक जणी रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात, कामाच्या मापावर मजुरी घेणाऱ्या. १९२२ च्या फॅक्टरी कायद्यानेसुद्धा दिवसाला ११ तास कामाची मुभा होती. त्यात घरून जाणं-येणं, नळावर पाणी भरणं, भाकऱ्या थापणं धरलेलं नाही. अंगावर पिणारं मूल घरी ठेवायचं तर ते ११-१२ तास कुणी सांभाळायचं? म्हातारी सासू असेल तर ती. नसेल तर सात-आठ वर्षांची मोठी बहीण. तीही नसेल तर गोळी.

१९२० च्या सुमारास मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची आणि मुलांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंना नेमलं. १९२२ मध्ये त्यांची निरीक्षणं प्रसिद्ध झाली. त्यातला आकडा पुढे प्रत्येकाने उचलला: गिरणी कामगार बायकांच्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते. हा आकडा वाचून मी जरा थबकलो. आमच्या धंद्यात ९८ टक्के असं काही दिसलं की आधी मोजलं कसं ते विचारतात. साहेबांच्या डॉक्टरांना 'अडाणी नेटिव्ह आई' हे चित्र सोयीचं होतं, हेही खरं. पण आकडा निम्मा धरला तरी प्रत्येक चाळीत, प्रत्येक मजल्यावर ही गोळी होती असाच त्याचा अर्थ निघतो. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरपुढेही हा विषय आला होता.

अफू तान्ह्या मुलाचं काय करते हे समजून घेणं मला जड गेलं. जास्त झाली तर श्वास मंद होत होत थांबतो, हे ठाऊक होतं. पण योग्य 'माप' साधलं तरी सुटका नाही. गुंगीतल्या मुलाला भूक जाणवत नाही. जाणवत नाही म्हणून ते रडत नाही. रडत नाही म्हणून त्याला कुणी पाजत नाही. पोट साफ होत नाही, वजन वाढत नाही, आणि मग साधी हगवणसुद्धा त्याला घेऊन जाते. मरणाच्या नोंदीत अफूचं नाव येतच नाही.

माझ्या डोळ्यांसमोर ओली चटई आली.

### ८२८

त्याच काळातला आणखी एक आकडा आहे. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त मुलं वर्षाची होण्याआधी मेली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हा दर हजारी ८२८ होता. दोन खोल्यांच्या घरात तो सव्वातीनशेच्या आसपास उतरत होता.

इथेही एक खोच आहे. गिरणगावातल्या खूप बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर माहेरी जायच्या. जन्म गावी व्हायचा, मूल घेऊन आई मुंबईला परतायची आणि मृत्यू मुंबईत नोंदला जायचा. त्यामुळे भागाकारातला खालचा आकडा लहान राहून दर फुगायचा. ते वजा केलं तरी उरतं ते भयंकरच आहे. दहा बाय बाराची खोली, तीत दोन बिऱ्हाडं, मोरीला लागून चूल, आणि दमट अंधार. मुलं सगळी गोळीने मेली असं कुणी म्हणत नव्हतं. देवी, हिवताप, हगवण, न्यूमोनिया, उपासमार हे सगळं होतं. त्या सगळ्यात मुलाने रडून काही सांगायची एक सोय होती, ती गोळी काढून घेत होती, एवढंच.

आणि हे फक्त आपल्याकडे नव्हतं. इंग्लंडमध्ये गिरण्या आधी आल्या, तशी गोळीही आधी आली. तिथे ती बाटलीत होती. 'गॉडफ्रेज कॉर्डियल' म्हणजे अफू आणि काकवीचं गोड पाणी. १८४५ साली एंगेल्सने इंग्लंडच्या कामगारांवर जे पुस्तक लिहिलं त्यात या औषधाचं नाव घेऊन तक्रार आहे. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकलं जात होतं. त्यात मॉर्फिन असायचं. त्याच्या जाहिरातींची चित्रं आज इंटरनेटवर सहज सापडतात. गुलाबी गालांचं मूल, हसरी आई, ऊबदार खोली. १९०६ च्या कायद्याने बाटलीवर आत काय आहे ते छापायची सक्ती केली, तेव्हा कुठे आयांना ते कळलं.

म्हणजे मँचेस्टर असो की परळ, जिथे भोंगा वाजला तिथे मूल झोपवायचं औषध पोचलं. शेतावर कामाला जाणारी बाई मुलाला झाडाला झोळी बांधून ठेवत होती, मध्ये येऊन पाजत होती. ते दिवस सुखाचे होते असं नाही. पण साच्याशेजारी झोळी बांधता येत नव्हती.

### कोणी द्यायचे?

त्या काळचे डॉक्टर, मिशनरी, समाजसुधारक यांचा पहिला उपाय होता उपदेश. आयांना शिकवा. अज्ञान घालवा. भाषणं, बाल-सप्ताह, निरोगी बाळांची प्रदर्शनं. आई दिवसाचे ११ तास गिरणीत असताना तिने त्या ज्ञानाचं काय करायचं, हे विचारणारे थोडे होते.

त्या थोड्यांत ना. म. जोशी होते. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे. बाळंतपणाच्या रजेचे पैसे मिळावेत म्हणून त्यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. मग १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी तसंच विधेयक आणलं. त्यावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. आंबेडकर बोलले. मी ते भाषण वाचलं. लांबलचक नाही. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे, आणि म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण सरकार तो उचलत नाही, तोवर तिच्या श्रमातून फायदा घेणाऱ्या मालकाने काही भार घेणं चूक नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

१९२९ मध्ये कायदा झाला. दिवसाला आठ आणे, बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार आठवडे. सात आठवडे! ऐकायला कमी वाटतं, पण त्याआधी शून्य होते. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने ५० हून जास्त बायका असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्याचे नियम करायचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्यात पाळणाघर बंधनकारक झालं, सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. १९७६ मध्ये ५० बायकांची अट ३० वर आली.

पण पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांचा वाटा सतत घसरत गेला. नवी यंत्रं, रिळिंग-वाइंडिंग खात्यांतली कपात, बायकांना असलेली रात्रपाळीची बंदी, अशी कारणं अनेक. त्यात एक कारण साध्या हिशोबाचंही होतं. बाई ठेवली की रजा द्यावी लागते आणि पाळणाघर काढावं लागतं. पुरुष ठेवला की काहीच लागत नाही, जणू पुरुषांना मुलं होतच नाहीत. पाळणाघराची अट बायकांच्या संख्येला बांधली होती. आंबेडकरांनी सरकारकडे बोट का दाखवलं होतं, ते इथे कळतं.

वाचताना एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. एवढी पाहणी, एवढे आकडे, आणि मी वाचलं त्यात कुठेही 'मुलाचा बाप त्या वेळी काय करत होता' हा प्रश्न नाही. तोही गिरणीत होता, कबूल. पण गोळीचा दोष लिहिताना लेखणी आईपाशीच येऊन थांबते.

### कोसबाडची टेकडी

या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट गिरणगावातली नाही. ती आजच्या पालघर जिल्ह्यातली आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या, दादरला शिशुविहार चालवलेल्या, नाव झालेल्या बाई. त्यांना पाहायचं होतं की खेड्यातल्या गरीब मुलांसाठी बालवाडी कशी चालेल. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच राहिल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं.

तिथे मुलं शाळेत येत नव्हती. कारण शोधलं तर ते शिक्षणाशी संबंधित नव्हतंच. सहा-सात वर्षांची मुलं गुरं राखायला जात होती, आणि मुली कडेवर भावंडं घेऊन बसल्या होत्या. आई-बाप मजुरीला गेल्यावर घरातलं पाळणाघर म्हणजे ती सात वर्षांची मुलगी. तिला शाळेत आणायचं तर आधी तिच्या कडेवरचं मूल कुणीतरी घ्यायला हवं.

या दोघींनी तेच केलं. मुलं येत नाहीत तर बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, एकाच छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. बहीण वर्गात, मधलं भावंडं बालवाडीत, तान्हं पाळण्यात.

अंगणात भरणारी ती वाडी पुढे देशाला शब्द देऊन गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना आपण अंगणवाडी म्हणतो. त्याआधी १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं. ते मोबाइल क्रेशेसचं काम पुढे मुंबई-पुण्यातही आलं. या कुणी आयांना आधी भाषण दिलं नाही. मूल हातात घेतलं.

### परत मंगळवारी

आता सोपी तुलना करायचा मोह होतो. टॅब्लेट म्हणजे आजची बाळागोळी. असं एक वाक्य लिहून लेख संपवला तर शेअर भरपूर होईल. पण ते खरं नाही. कार्टूनने श्वास थांबत नाही. आणि माझ्याकडे तीन खोल्या, फ्रिजमध्ये दूध, हाकेच्या अंतरावर डॉक्टर आहेत. माझ्या पणजीकडे यातलं काही नव्हतं. तिच्या आणि माझ्या मंगळवारात जे सारखं आहे ते वस्तूत नाही, परिस्थितीत आहे. काम असं आहे की ज्यात मूल बसत नाही, आणि मुलाला घ्यायला दुसरा हात नाही. ही दोन टोकं जुळत नाहीत तेव्हा मध्ये काहीतरी भरलं जातं. कधी गोळी, कधी सात वर्षांची बहीण, कधी स्क्रीन.

२०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सांगितलं. इथे निदान मोजताना पुरुषही धरले. पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन यायची मुभा लिहिली आहे ती आईसाठी. बाप तिथेही नाही.

त्या मंगळवारी मी शेवटी काय केलं ते सांगतो, कारण ते फार साधं होतं आणि मला सुचायला दुपारचे दोन वाजले. मॅनेजरला फोन करून सांगितलं, घरी दोन मुलं आहेत, सांभाळायला कुणी नाही, अर्धा दिवस रजा टाकतोय. तो म्हणाला, "अरे, सकाळीच सांगायचंस ना." सकाळी सांगायला मला लाज वाटली होती. टीममधल्या एका मैत्रिणीने मागच्या वर्षी हेच सांगितलं तेव्हा मी मनात काय म्हणालो होतो ते मला आठवत होतं.

मग समोरच्या काकूंचं दार वाजवलं. चार वर्षं शेजारी राहून मी त्यांच्याशी लिफ्टपुरतं बोललो होतो. त्यांनी मुलाला घेतलं, दाताला गाजर दिलं, आणि मी मुलीला रेनकोट घालून खाली नेलं. सकाळपासून ती चाळीस वेळा तेच मागत होती. अर्धा तास ती एका डबक्यात उड्या मारत होती. तो सगळा वेळ मी काहीही केलं नाही.

आजीच्या कॉलचा शेवट सांगायचा राहिला. मी विचारलं, "तुलाही दिली असेल का गं गोळी?"

"मला न्हाई. माझ्या टायमाला आईनं काम सोडलं व्हतं."

"का?"

आजी थोडा वेळ गप्प बसली. तिच्या आधी एक भाऊ होता. १९३२-३३ च्या सुमाराचा. पाच महिन्यांचा असताना झोपेतच गेला. आई गिरणीतून आली तेव्हा पोर गार पडलं होतं. गोळीने की तापाने, कुणाला कळलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्याचं नाव आजीला माहीत नाही. घरात ते कुणी कधी घेतलं नाही. आजीला पुढे चार मुलं झाली, त्यांतलं एखादं रडायला लागलं आणि कुणी वैतागलं की तिची आई म्हणायची, "रडू दे. रडतंय म्हंजी जित्तं हाय."

तेवढ्यात आतून माझ्या मुलाने भोकाड पसरलं. आजी फोनवर हसली. "जा," म्हणाली, "घे त्याला."